घरात विचारून कळवते

आमच्या घराच्या वर एक खोली आहे. तिच्यापुढं दोन खाटा मावतील एवढी गच्ची आणि गच्चीच्या कोपऱ्यात न्हाणीघर. दोन मुलींना ती पुरते. मी शाळेत होते तेव्हापासून ती भाड्यानं जाते, आणि ती कोणाला द्यायची हे आई ठरवते. वडील पाटबंधारे खात्यात होते. कालव्याला पाणी कधी सोडावं याबद्दल त्यांना ठाम मत होतं, वरच्या खोलीबद्दल नव्हतं.

दर जून-जुलैत मुली यायच्या. माढ्याच्या, माळशिरसच्या, अक्कलकोटकडच्या. कोणी नर्सिंगला, कोणी बी.एड.ला, कोणी इंजिनिअरिंगला. बरोबर बाप नाहीतर मामा. आई त्यांना हॉलमध्ये बसवायची, तांब्याभर पाणी आणून ठेवायची आणि मग सुरू करायची. वडील काय करतात? घरी कोण कोण असतं? खाणं कसं? "आमच्यात अंडंसुद्धा चालत नाही की." भेटायला कोण येणार? सातच्या आत घरात यावं लागेल, जमेल का? आणि हे सगळं झालं की, भाजीत मीठ बरोबर आहे ना विचारावं इतक्या सहज, "आडनाव काय म्हणालात?"

म्हणालेलं कोणीच नसायचं. आडनाव कळलं की आई एकतर "बसा, चहा टाकते" म्हणायची, नाहीतर "घरात विचारून कळवते" म्हणायची. घरात विचारण्यासारखं कोणी नव्हतं. वडील कामावर, मी शाळेत. पण माणसं मान हलवून उठायची, चपला घालायची आणि जायची. त्यातलं कोणी आठवड्यानं परत आलंच, तर फाटकाशी मला पाठवलं जायचं. "खोली गेली," असं मी सांगायचे. वर खोलीला कुलूप असायचं आणि मी ते वाक्य चांगलं म्हणायचे, न अडखळता. त्याचं मला तेव्हा काही वाटत नव्हतं, हेही सांगून टाकते.

आई वाईट बाई आहे असं कोणाला वाटायला नको. वर राहून गेलेल्या मुली अजून तिला लग्नाच्या पत्रिका आणून देतात. एकीला कावीळ झाली होती तेव्हा आईनं पंधरा दिवस तिला मऊ भात भरवला होता, आणि तिच्या घरच्यांनी यायला उशीर केला म्हणून त्यांना फोनवर झापलंही होतं. एकदा जिना चढून वर गेलेली मुलगी आईची व्हायची. जिन्याच्या आधी काय होतं ते फक्त मला ठाऊक होतं.

माझ्यावर खोली शोधायची वेळ आली तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. जर्मनीतल्या एका मध्यम आकाराच्या शहरात मला पाण्याच्या शुद्धीकरणाच्या अभ्यासाला प्रवेश मिळाला होता. व्हिसा आला होता. विद्यापीठाच्या वसतिगृहानं कळवलं होतं की प्रतीक्षायादी लांबलचक आहे, तुम्ही गावात दुसऱ्यांबरोबर राहायची सोय बघावी. आणि वडिलांनी एकच अट घातली होती.

"पत्ता दाखव," ते म्हणाले. "पत्ता हातात पडला की त्याच दिवशी तिकीट काढतो. पत्त्याशिवाय पोरगी विमानात बसवणार नाही."

त्यांचंही चुकत नव्हतं. तिथं गेल्यावर नगरपालिकेत आधी पत्ता नोंदवावा लागतो, त्याशिवाय पुढचं पान हलत नाही. आणि ऑक्टोबरपर्यंत मी पोचले नाही तर वर्ष गेलं. वर्ष गेलं की आत्यानं आणलेलं बार्शीचं स्थळ पुन्हा वर येणार, हे मला आणि आईला दोघींना माहीत होतं. आम्ही त्याबद्दल बोलत नव्हतो.

तिकडं खोली शोधायची म्हणजे घरमालकाकडं जायचं नसतं. आधीपासून राहणारी दोघं-तिघं असतात. त्यांच्यातलं एक माणूस जातं, मग उरलेली मंडळी नवीन माणूस शोधतात. जाहिरात टाकतात. आपण त्यांना आपल्याबद्दल लिहून पाठवायचं. आवडलं तर ती व्हिडिओवर भेटतात आणि आपसांत बोलून ठरवतात. हे कळलं तेव्हा मला हायसं वाटलं. म्हटलं, हे तर आपल्या घरचंच काम आहे. पंधरा वर्षं बघतेय.

मी आणि वडील मजकूर लिहायला बसलो. वडील कार्यालयीन पत्र सांगावं तसं सांगत होते आणि मी इंग्रजीत उतरवत होते. मी एका सुसंस्कृत कुटुंबातली मुलगी आहे. वडील शासकीय सेवेतून निवृत्त. मी पूर्ण शाकाहारी आहे. मला भेटायला कोणीही येणार नाही. संध्याकाळी सातच्या आत मी घरी असते. मोठ्यानं बोलत नाही, गाणी लावत नाही, पाणी जपून वापरते. माझ्यामुळं कोणालाही कसलाही त्रास होणार नाही. खाली पदवीदानाच्या दिवशीचा साडीतला फोटो जोडला, ज्यात मी गुन्हा कबूल करायला निघाल्यासारखी दिसते.

आईला मराठीत वाचून दाखवलं. तिचा चेहरा फुलला. "अशी पोरगी दारात आली की मी डोळं मिटून किल्ली देते," ती म्हणाली.

तिथंच सगळं चुकलं होतं. ते कळायला मला सात आठवडे लागले.

रोज सकाळी आंघोळ झाली की मी वरच्या खोलीत जायचे, कारण नेटवर्क तिथंच धड मिळायचं. आधीच्या दोन मुली मे महिन्यात परीक्षा देऊन गेल्या होत्या. खोली रिकामी होती आणि आई ऑगस्टपासून द्यायची म्हणून मुली बघत होती. भिंतीवर जुन्या वेळापत्रकाचा कागद तसाच होता, आरशाच्या कडेला कोणाच्यातरी टिकल्या चिकटलेल्या होत्या. मी ज्वारीचा रिकामा डबा उपडा घालायचे, त्यावर लॅपटॉप ठेवायचे आणि सतरंजीवर बसून जाहिराती उघडायचे. पत्रा तापायचा. पंखा फिरायचा, पण वारा कुठं जायचा देव जाणे. तोच मजकूर, तोच फोटो, पाठव. तोच मजकूर, पाठव. लोक खोली शोधताना चपला झिजवतात. मला तीही सोय नव्हती. बसल्या जागी मान आणि पाठ तेवढी झिजत होती.

बहुतेकांचं उत्तर यायचंच नाही. कोणी लिहायचं की माणूस ठरलं. एका सद्गृहस्थानं किल्ली पोस्टानं पाठवतो, आधी पैसे टाका असं कळवलं. वडील म्हणाले, अशी माणसं जर्मनीतपण असतात हे बघून बरं वाटलं.

तीन-चार ठिकाणी व्हिडिओवर बोलणं झालं. पहिल्या वेळी दोन मुली आणि एक मुलगा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. हसत होते, चांगले होते. त्यांनी विचारलं, तुझा रविवार कसा जातो? मी म्हटलं, अभ्यासात. मैत्रिणी येतात का घरी? मी अभिमानानं म्हटलं, नाही नाही, कोणी येत नाही. तुला राग कशाचा येतो? मी म्हटलं, कशाचाच नाही. एका मुलीनं दुसऱ्या मुलीकडं बघितलं. मी ती नजर ओळखली. आमच्या हॉलमध्ये आई तशीच माझ्याकडं बघते.

"आम्ही आपसांत बोलून तुला कळवतो," मुलगा म्हणाला.

मी लॅपटॉप मिटला आणि बराच वेळ त्या सतरंजीवर बसून राहिले. परकी भाषा, परका देश, आणि वाक्य मात्र आमच्या घरचं. त्यांनी कळवलं नाही. पुढच्यांनीही नाही. खाली जाऊन जेवायला बसले की वडील विचारायचे, "आला का पत्ता?" मी मान हलवायचे आणि आई माझ्या ताटात न विचारता भात वाढायची. जुलै संपत आला तेव्हा मला त्या पायऱ्या चढायचासुद्धा कंटाळा आला होता. राग आला असता तर बरं झालं असतं. रागाला थोडी तरी ताकद लागते, तेवढीही उरली नव्हती.

अशातच एका दुपारी ती मुलगी आली. एकटीच. मोडनिंबजवळच्या एका वस्तीवरची, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला नंबर लागलेला, वसतिगृह भरलेलं. हातात प्लास्टिकची फाइल आणि तिच्यात सगळे दाखले, जणू खोली गुणांवर मिळते. तिनं चपला दाराबाहेर भिंतीला लावून सरळ ठेवल्या. पाणी प्याली आणि पेला स्वतः उठून मोरीत विसळून आणला. आईला मुलगी आवडली. हे मला दिसत होतं, कारण आईनं वडील काय करतात ते विचारलंच नाही.

"खाणं कसं तुमच्यात?" आईनं विचारलं.

"घरी खातो की आमी," ती म्हणाली. "पर हितं न्हाय करणार. तुमाला चालत नसंल तर आजाबात न्हाय."

"खरं बोलतीस, बरं वाटलं," आई म्हणाली, आणि ते ती मनापासून म्हणाली. मग तिनं पदर सारखा केला. "आडनाव काय म्हणालीस?"

मुलीनं सांगितलं. आवाज जरा खाली गेला होता तिचा. पुढचा प्रश्न हाच असणार हे तिला येताना एसटीतच माहीत असावं.

आई माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "ब्याड." आईचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. ‘नको’ म्हणायचं तिला कानडीत आधी सुचतं. मोडनिंबच्या पोरीला कानडी कुठून येणार? पण तो शब्द कळायला भाषा लागत नाही.

"घरात विचारून कळवते," आई तिला म्हणाली, आणि तिचा नंबर कॅलेंडरच्या कडेला लिहून घेतला. सगळ्यांचे नंबर ती तिथंच लिहिते, ज्यांना फोन करायचा नाही त्यांचेही.

मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेले. का गेले ते माहीत नाही. कदाचित सवयीनं. फाटकाशी ती थांबली.

"ताई, खोली हाय का न्हाय तेवढं खरं सांगा. परत हेलपाटा नको. येष्टीतच सगळा दिस जातोय माजा."

मला "खोली गेली" म्हणता आलं असतं. सराव होता. त्याऐवजी मी भलतंच बोलले. "मीपण खोली शोधतेय. दोन महिने झाले."

"तुमी?" तिनं मागं आमच्या घराकडं बघितलं, वरच्या बंद खिडकीकडं बघितलं. "कुटं?"

"जर्मनीत. शिकायला जायचंय."

"तितं पण न्हाय म्हणत्यात?"

"म्हणतात."

"तुमाला कशापायी न्हाय म्हणत्यात?"

"कळत नाही. सांगत नाहीत काही. कळवतो म्हणतात."

"सांगतच न्हाईत," ती म्हणाली, जसं काही आम्ही दोघी एकाच दारातून परत आलो होतो. मग तिनंच मला धीर दिला. "मिळंल ताई. मिळाली की सांगा मला. कॅलेंडरवर नंबर हाय."

ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी फाटक धरून उभी होते. मला लाज वाटत होती, आणि त्या लाजेतही मी स्वतःच्याच खोलीचा विचार करत होते, हे त्याहून लाजिरवाणं होतं.

आत येऊन मी आईशी भांडले. भांडले म्हणणं जरा मोठं होईल. मी म्हटलं, "चांगली होती की मुलगी. द्यायची होती."

"चांगली होतीच," आई म्हणाली. "मी वाईट म्हटलं का? गल्लीला कोण तोंड देणार? तू जाशील निघून. मला इथं राहायचंय." मी काही बोलणार तेवढ्यात ती पुढं म्हणाली, "तिकडची लोकं तुला न्हाय म्हणतायत, त्याचा राग माझ्यावर काढू नको."

हे अगदी बरोबर बसलं. मी वर निघून गेले. त्या मुलीला फोन करून खरं काय ते सांगावं, एवढंसुद्धा मी केलं नाही. मला पत्ता हवा होता, तिकीट हवं होतं, आणि आईला दुखवून त्यातलं काही मिळणार नव्हतं. असा हिशोब मी केला होता आणि तो करताना मला फार वेळ लागला नाही.

दोन दिवसांनी एक वेगळंच उत्तर आलं. तीन बायकांचं घर होतं. एक नर्स, एक सायकली दुरुस्त करणारी आणि एक विद्यार्थिनी. लिहिणारी नर्स होती. तिनं लिहिलं होतं की तुझं पत्र आम्ही दोनदा वाचलं. तू काय काय करणार नाहीस ते सगळं कळलं. कोणी येणार नाही, आवाज होणार नाही, त्रास होणार नाही. पण घरात कोणी आहे हेच कळणार नसेल तर त्या माणसाबरोबर राहायचं कसं? आम्हाला भाडेकरू नकोय, बरोबर राहणारं माणूस हवंय. तू करतेस काय, ते सांगायला शनिवारी आमच्या नाश्त्याच्या वेळी ये.

मी ते चार वेळा वाचलं. सात आठवडे मी आमच्या हॉलमधल्या प्रश्नांची उत्तरं पाठवत होते, आणि ते प्रश्न तिकडं कोणी विचारलेच नव्हते.

शनिवार निघाला आमच्या पाण्याचा दिवस. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, आणि येतं त्या दिवशी घरातल्या माणसांना दुसरं काही असू नये अशी अपेक्षा असते. त्यांचा नाश्ता म्हणजे आमची दुपार. मी वर जाऊन डबा उपडा घातला, केस विंचरले, साडीतल्या फोटोसारखं तोंड केलं. पडद्यावर तिघी, ब्रेडची टोपली, खिडकीत मांजर. नर्सनं विचारलं, तर मग, तुला राग कशाचा येतो? मी तोंड उघडलं, आणि खालून आईची हाक आली.

"अगं ए! टाकी भरून वाहायलीय! मोटर बंद कर की! कानात बोळं घातलेत का?"

मोटरचं बटण खाली, आईच्या हातापासून चार पावलांवर. मी गच्चीच्या दारातून ओरडले, "तूच कर की! मी बोलतेय ना इथं! सात आठवड्यांनी कोणीतरी धड बोलतंय माझ्याशी!"

"माझे हात पिठात हायत!"

मी लॅपटॉप तसाच उचलला, जिना उतरले, मोटर बंद केली, "हे बघ केली," असं आईच्या तोंडावर म्हणाले आणि धापा टाकत परत वर आले. पिठाच्या हाताची आई, भरलेली पिंपं, पायऱ्यांवर ठेवलेल्या कळश्या, सगळं त्यांनी पाहिलं होतं. तिघी हसत होत्या. मी रडायच्या बेतात होते.

"याचा," मी म्हटलं. "याचा राग येतो मला."

मग बोलणं सुरू झालं. पाणी का येत नाही, किती दिवसांनी येतं, मी पाण्याचाच अभ्यास का निवडला. मला स्वयंपाकातलं काय येतं? आई करते ती शेंगाची चटणी येते. आमचं मांजर माणसांच्या उशीवर झोपतं, चालेल का? नाही चालणार, मी म्हटलं, माझ्या उशीवर नाही. सायकलवाली खूश झाली. सात आठवड्यांत मी पहिल्यांदा कोणाला नाही म्हटलं होतं.

मग विद्यार्थिनीनं विचारलं, ही तुझी खोली का?

"नाही," मी म्हटलं. "ही आम्ही भाड्यानं देतो. शिकायला येणाऱ्या मुलींना."

"म्हणजे तुम्हीही आमच्यासारखंच निवडता!" नर्स म्हणाली. "कसं निवडता? काय विचारता?"

भिंतीवर ते वेळापत्रक होतं. मी त्याच्याकडं बघत सांगितलं. खाणं विचारतो. घरी कधी येणार ते विचारतो. वडील काय करतात ते विचारतो. वडिलांचं काय करायचं असतं, म्हणून त्या हसल्या, मीही हसले. आणि तिथं थांबले. शेवटचा प्रश्न सांगितला नाही. तो सांगितला असता तर तो कोण विचारतं, का विचारतं आणि फाटकाशी कोण उभं राहतं, हे सगळं सांगावं लागलं असतं. मला खोली हवी होती.

सोमवारी त्यांचा निरोप आला. एकच शब्द, "ये." खाली पत्ता.

वडिलांनी तो पत्ता कोपऱ्यावरच्या दुकानातून मोठ्या अक्षरांत छापून आणला, कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या गल्लीला दाखवली. तिकीट त्याच दिवशी काढलं. आईनं शेंगापोळ्या केल्या. पहिली मला देताना तिचा हात माझ्या गालावर थोडा जास्त वेळ राहिला. मला वाटलं, मागायचं असेल तर आत्ताच.

"वरची खोली त्या मोडनिंबच्या मुलीला दे," मी म्हटलं. "मी जायच्या आधी दे."

आईनं पुढची पोळी लाटायला घेतली. जेवणं झाली, भांडी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मेथी निवडायला बसली तेव्हा मी पुन्हा तेच म्हटलं. ती बराच वेळ काड्या बाजूला करत राहिली.

"तू गेलीस की मी एकटी पडणार," ती म्हणाली, जणू मी वेगळंच काहीतरी विचारलं होतं. मग थोड्या वेळानं, "कर फोन. माझ्यासमोर कर. मी न्हाय म्हटलं असं नको व्हायला."

कॅलेंडरचं पान तोवर उलटलं होतं. मी मागं उलटून नंबर शोधला. आईला ऐकू यावं म्हणून फोन स्पीकरवर टाकला. तिला ओळख पटवून द्यावी लागली नाही.

"ताई, व्हय, वळखलं की. जर्मनीवाल्या."

मी सांगितलं की खोली आहे, आईनं हो म्हटलंय, कधीही ये. मी हे भरभर बोलले.

"मिळाली मला, ताई," ती म्हणाली. "स्टँडच्या मागं हाय. चौघी हाव एका खोलीत. पानी खालनं आनावं लागतंय, पर जमतंय."

"तिथं सोडून इकडं ये ना. इथं दोघीच असाल."

"आता कशाला ताई? जमलंय आमचं." तिच्या आवाजात राग शोधला मी. नव्हता. असता तर माझं ओझं जरा हलकं झालं असतं. मग तीच म्हणाली, "आन् तुमाला? मिळाली का?"

"मिळाली."

"लई बरं झालं! मी आमच्या पोरींना सांगितलं हुतं तुमचं. जर्मनीत पन न्हाय म्हणत्यात म्हणून." ती हसली. "मग? काय काय इचारलं तितं?"

"राग कशाचा येतो ते विचारलं. मांजर चालेल का विचारलं."

"आन् आडनाव?"

"नाही विचारलं."

"न्हाईच?"

"नाही."

 मागं कोणीतरी बादली सरकवत होतं.

"मग चांगली खोली हाय ती," ती म्हणाली. "सोडू नका, ताई."

मी फोन ठेवला. आईनं मान वर केली नाही. तिचे हात चालूच होते, फक्त पानं कचऱ्यात पडत होती आणि काड्या पातेल्यात.